विघ्नालाही पाट

नाटक सुरू होण्याआधी, व्याख्यान सुरू होण्याआधी, पालखी उठण्याआधी जे काही घडतं त्याविषयी हे पुस्तक आहे. बहुतेक प्रेक्षक हा भाग सोसतात. सहाची वेळ दिली आहे म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ आणि प्रास्ताविक आटोपेपर्यंत पावणेसात होणार, तेव्हा साडेसहाला घरातून निघालं तरी चालेल, असा हिशेब करूनच जाणते लोक कार्यक्रमाला जातात. आयोजकालाही हे ठाऊक असतं. तरी त्या पाऊण तासातलं एकही कलम गाळायची त्याची छाती होत नाही. वक्त्याचं भाषण पडलं तर लोक आठवडाभरात विसरतात. पण कुणाचा हार राहिला, कुणाचं नाव पत्रिकेत दोन ओळी खाली गेलं, तर पुढच्या वर्षीच्या वर्गणीपर्यंत ते ऐकून घ्यावं लागतं.

विधी आणि प्रतीकं यांच्याविषयी बोलायच्या दोन तऱ्हा आपल्याकडे रुळल्या आहेत. भाविक म्हणतो, दिवा म्हणजे ज्ञान, नारळ म्हणजे अहंकार, कलश म्हणजे पूर्णत्व. सुधारक म्हणतो, हे सगळं कर्मकांड, वेळेचा आणि तेलाचा अपव्यय. भांडण जुनं आहे आणि दोन्ही पक्ष एका बाबतीत सारखे आहेत: दोघंही विधीचा अर्थ शोधतात, एकाला तो सापडतो, दुसऱ्याला सापडत नाही. अर्थांची अशी कोष्टकं मला कंटाळवाणी वाटतात. ती बहुधा मागाहून जोडलेली असतात आणि एकाच नारळाचे पाच जण पाच अर्थ सांगतात. त्यापेक्षा विधी काय *करतो* हे पाहावं. चार माणसं जमली की कोण पुढे, कोण मागे, कोणी बोलायचं, कोणी ऐकायचं, बाहेरचा कोण आणि घरचा कोण, हे प्रश्न येतातच. विधी ते सोडवतो, आणि कुणी उघडपणे विचारायच्या आत सोडवतो. तो मानाची वाटणी करतो. ही वाटणी चांगली झाली की नाही हे ओळखायचं कसं, तर कार्यक्रम मोडू शकेल अशा माणसाला तिच्यात जागा दिली आहे का ते पाहायचं. या पुस्तकातल्या सगळ्या लेखांच्या मुळाशी हा एवढाच विचार आहे.

तो माझा म्हणता येणार नाही. भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिलाच अध्याय उघडला की तो समोर येतो. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिलं नाटक झालं. विषय कोणता, तर देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय. प्रेक्षकांत दैत्यही बसले होते. आपला पराभव असा सर्वांसमोर रंगवलेला पाहून ते बिथरले आणि विरूपाक्षाच्या पुढाकारानं विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. नाटक बंद पडलं. इंद्रानं ध्वजाचा दंड उचलून विघ्नांना झोडपलं. त्या दंडाला पुढे जर्जर म्हणू लागले आणि पाच पेरांची ती काठी रंगपूजेत मानाची झाली. इथवरची गोष्ट बळाची आहे. पण मारझोडीनं प्रश्न मिटला नाही, विघ्नं पुन्हा आली. मग विश्वकर्म्यानं नाट्यगृह बांधलं, त्याच्या खांबाखांबाशी रक्षक देवता बसवल्या, आणि तरीही ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलायला जावंच लागलं. त्यानं त्यांची समजूत घातली ती अशी, की नाट्य हे केवळ देवांचं किंवा केवळ तुमचं नव्हे, त्यात तिन्ही लोकांची स्थिती दिसते. तिसऱ्या अध्यायात रंगदेवतांच्या पूजेचा विधी येतो. त्यात बळी कुणाकुणाला द्यायचे ती यादी वाचण्यासारखी आहे. देव आहेतच, पण दानव, यक्ष, भूत, पिशाच यांनाही त्यांचा त्यांचा वाटा आहे. नाटक पाडणाऱ्यांना पूजेत बसवून घेतलं आहे. आपल्या परंपरेतल्या नाट्यपूजेचा उगम हा असा एका तक्रारीत आहे, आणि ती तक्रार रास्त होती असंच मला वाटतं.

ही गोष्ट ग्रंथात कळते, पण ती घडताना पाहायची असेल तर कार्तिकानंतर सिंधुदुर्गात जावं. वेंगुर्ले, कुडाळ, सावंतवाडी, मालवण या भागांत आणि खाली गोव्यात पेडण्याकडे गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात, त्या वैशाखापर्यंत चालतात. या जत्रांना दहीकाला म्हणतात आणि त्यांत दशावतार ठरलेला. कुठल्या देवळाच्या जत्रेला कुठली कंपनी हेही पुष्कळदा पिढ्यांचं ठरलेलं. संध्याकाळी मंडळी येतात ती पेटारे घेऊन. पेटाऱ्यात कपडे, दागिने, शस्त्रं आणि मुखवटे असतात. आज टेम्पो आहेत, पूर्वी हे पेटारे डोक्यावर घेऊन एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत जावं लागे. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी माणसाविषयीची म्हण त्यातून आली. तिच्यात थट्टा आहे तितकीच खंतही. पेटारा खाली ठेवला की त्याची पूजा होते, गणपतीपुढे दिवा लागतो आणि मगच चेहऱ्याला रंग लागतो. ही पूजा कुणी पाहायला येत नाही आणि ती कुणासाठी मांडलेलीही नसते.

पालखीची प्रदक्षिणा झाली की नाटक. रंगमंच म्हणाल तर देवळासमोरची जागा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. आधी पूर्वरंग, ज्याला आड दशावतार म्हणतात. सूत्रधार गाऊ लागतो, लाकडी मुखवट्याचा गणपती ऋद्धी-सिद्धींसह येतो, मोरावरची सरस्वती येते, भटजी येतो, ब्रह्मदेव येतो. आणि मग येतो संकासुर. अंगभर काळा वेश, तोंडावर काळं आवरण, त्यावर पांढरे डोळे आणि लाल जीभ. वेद चोरणारा हा राक्षस शेवटी विष्णूच्या हातून मरायचा आहे हे लहान पोरालाही माहीत असतं. पण मरेपर्यंत मैदान त्याचं. देव संस्कृताळलेल्या भाषेत बोलतात, संकासुर मात्र मालवणीत बोलतो, म्हणजे प्रेक्षकांच्या भाषेत. तो भटजीला उलटसुलट विचारतो, सूत्रधाराची फिरकी घेतो, गावातल्या गोष्टींवर शेरे मारतो. एरवी जे बोलायची सोय नाही ते त्याच्या तोंडून खपून जातं.

संकासुराला मी फार वेळ देतो आहे याची मला जाणीव आहे, पण तो वेळ त्याला मिळायलाच हवा. पूर्वरंगाचं काम काय, तर रात्र सुरक्षित करणं. ते काम करताना दशावतारानं विघ्नाला बाहेर ठेवलं नाही. त्याला वेश दिला, नाव दिलं, विनोद दिला आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या रीतीनं त्याला मारलं. गुहागर-दापोलीकडे शिमग्यातही एक संकासुर घरोघर फिरतो, पोरं त्याला घाबरतात आणि त्याच्याच मागे धावतात. भरतानं पिशाचांना बळी दिला, कोकणानं राक्षसाला सगळ्यांत चांगली वाक्यं दिली. माझ्या मते कोकणाची युक्ती जास्त पक्की आहे.

पूर्वरंगानंतरचं आख्यान लिहिलेलं नसतं. कुठलं लावायचं हे बहुधा त्याच संध्याकाळी ठरतं आणि संवाद नट उभ्याउभ्या रचतात. हे स्वातंत्र्य आणि आधीचा काटेकोर विधी यांचा संबंध मला महत्त्वाचा वाटतो. सुरुवात आणि शेवट घट्ट बांधलेले असतात, म्हणून मधला भाग मोकळा सोडता येतो. पहाटे हंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो आणि जत्रा संपते. मुंबईतल्या नाट्यगृहात जेव्हा निरनिराळ्या कंपन्यांचे नामवंत एकत्र येऊन संयुक्त दशावतार करतात तेव्हा तीन तासांत बसवण्यासाठी पहिली कात्री पूर्वरंगावर चालते. गणपतीला नमन होतं, संकासुर बहुधा गळतो. नाटक तरीही रंगतं, कलावंत तयारीचे असतात. फक्त त्या रात्री गावाविषयी कुणी काही बोललेलं नसतं, कारण गावच समोर नसतं. त्यात कुणाचा दोष नाही.

शहरी मराठी रंगभूमीचा सगळा प्रवास या पूर्वरंगाच्या कात्रीतून सांगता येईल. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा त्यांच्यासमोर कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ होते. त्यामुळे सूत्रधार, विदूषक, गणपती, सरस्वती हा सगळा लवाजमा त्यांच्याही नाटकात आला. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ उभं केलं तेव्हा गणपती-सरस्वती रंगमंचावरून उतरले आणि नांदीच्या गाण्यात राहायला गेले. पुढे 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. वास्तवाचा आभास निर्माण करायचा तर दिवाणखान्यात नांदी कोण म्हणणार? ती गेली. पण जागा रिकामी राहिली नाही. पडद्यामागे नटराजाला हार आणि उदबत्ती, पहिल्या प्रयोगाचा नारळ, रंगदेवतेला आणि रसिकांना अभिवादन करणारी ती ठरावीक निवेदनाची वाक्यं, आणि तिसरी घंटा. तिसऱ्या घंटेला धर्म नाही, देव नाही, तरी तिच्याइतका काटेकोर पाळला जाणारा विधी आपल्या सार्वजनिक आयुष्यात क्वचितच दिसेल. नटराजाची मूर्ती आज इतकी नाट्यगृहांत दिसते की ती भरताच्या काळापासून तिथेच असावी असं वाटतं. प्रत्यक्षात रंगमंचाची देवता म्हणून ती मराठी मुलखात रुळली ती विसाव्या शतकात. आनंद कुमारस्वामींचा शिवनृत्यावरचा लेखसंग्रह 1918 साली प्रसिद्ध झाला आणि नटराज हे भारतीय कलेचं चिन्ह म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं, त्या लाटेत तो इकडेही आला. जुनं वाटणारं प्रतीक पुष्कळदा आजोबांच्या पिढीचं निघतं.

आणि 1972 साली ‘घाशीराम कोतवाल’ आलं. त्यात नाचता गणपती आहे, सरस्वती आहे, लक्ष्मी आहे, नमन आहे. पूर्वरंगाचं सगळं सामान परत मांडलेलं आहे. पण ज्या ओळीनं हे नमन चाललं आहे ती पुण्याच्या बारा ब्राह्मणांची ओळ आहे, तीच भिंत होते, तीच पडदा होते, तीच पाहते आणि झाकते. भक्तीच्या सुरातून क्रौर्याकडे नाटक इतकं सहज घसरतं की प्रेक्षकाला पाय सरकलेला कळत नाही. तेंडुलकरांनी आणि दिग्दर्शक जब्बार पटेलांनी विधीची टिंगल केली असं त्या वेळी अनेकांना वाटलं. मला वाटतं, विधी किती परिणामकारक असतो हे त्यांच्याइतकं कुणीच गंभीरपणे घेतलं नव्हतं. नमनानं माणसं एक होतात हे त्यांना मान्यच होतं, एक होऊन काय करतात एवढंच त्यांनी पुढे दाखवलं.

गोंधळाबद्दल थोडक्यात. लग्नानंतर कुलदेवीचा गोंधळ घालायचा तर आधी चौक मांडतात: पाटावर वस्त्र, धान्य, कलश, वर उसाचा किंवा धाटांचा मांडव. दिवटी पेटते, संबळ वाजतं आणि गोंधळी देवांना गावांच्या नावांनिशी बोलावू लागतो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर. ही आमंत्रणांची यादी जो लक्ष देऊन ऐकेल त्याला त्या घराचा नकाशा कळेल, कारण कुठल्या देवाला आधी हाक मारायची हे घरागणिक ठरतं. रा. चिं. ढेरे यांनी अशा उपासकांच्या परंपरांवर जे काम केलं त्यातून या नकाशांचं मोल मोठं आहे हे आपल्याला कळलं. शाहीर साबळ्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’नं गोंधळ, वासुदेव, जोगवा हे सगळं शहरातल्या रंगमंचावर नेलं. ज्यांनी आपल्या आजोळी कधी चौक पाहिला नव्हता त्या पिढीला संबळाचा आवाज तिथे पहिल्यांदा ऐकू आला. रंगमंचावरच्या गोंधळात चौक नसतो, घर नसतं, म्हणून तो खोटा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. तो निराळा आहे. त्यात बोलावलेले पाहुणे देव नसून तिकीट काढलेले प्रेक्षक आहेत, आणि त्यांचा मान निराळ्या रीतीनं राखावा लागतो.

वारीवर मराठीत इतकं लिहिलं गेलं आहे की रिंगणाचं वर्णन मी पुन्हा करणार नाही. मला त्यातला एकच प्रसंग इथे हवा आहे, आणि वारीच्या छायाचित्रांत तो सहसा नसतो. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या शिस्तीनुसार ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत दिंड्यांचे क्रम ठरलेले आहेत. रथापुढे 27, बाकीच्या मागे, प्रत्येकीला क्रमांक. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, पालखी मध्ये येते आणि समाजआरती होते. तोवर टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मात्र एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, चालीत कुणी घुसलं असेल, पाण्याचं, जागेचं काही झालं असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकतात, निवाडा होतो. मग हरवल्या-सापडल्या वस्तूंची यादी वाचली जाते, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि आरती होते.

तक्रार करायला अर्ज नाही, ओरडाओरड नाही. जे वाद्य भक्तीसाठी हातात आहे त्याच वाद्यानं विधी अडवायचा, आणि अडवण्याची जागा विधीतच राखून ठेवलेली. निवाडा झाल्याशिवाय देवाची आरतीही पुढे जात नाही. आपल्या संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या व्यवस्थेचं कौतुक मी वेगळं सांगायला नको.

पण हा सोहळा ज्या देवळाकडे चालला आहे तिथल्या महाद्वाराजवळ चोखोबांची समाधी आहे, पायरीच्या बाहेर. जिथे मानाची वाटणी होते तिथेच मान नाकारलाही जातो, आणि तोही विधीनंच. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. टाळ वाजवत ठेवून तक्रार सांगायची सोय ज्यांना नव्हती त्यांनी काय करायचं, हा प्रश्न या पुस्तकात टाळला असता तर वर लिहिलेलं सगळं कौतुक पोकळ ठरलं असतं.

महाडला काय घडलं ते त्यासाठी नीट पाहावं. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग परिषदेला आलेले लोक रांगेनं चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्यायलं. तळं सार्वजनिक असल्याचा ठराव नगरपालिकेनं आधीच केलेला होता. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीनं हे पाणी पिणं होतं, त्यापलीकडे काही नव्हतं. पण ते केवळ पाणी नाही हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत होतं. बाबासाहेबांनी पुढे डिसेंबरच्या परिषदेत ते बोलूनही दाखवलं: तहान भागवायला नाही, इतरांसारखी आपणही माणसं आहोत हे सिद्ध करायला तळ्यावर जायचं आहे. आणि विरोधकांचं उत्तर काय होतं? मारहाण झालीच, पण तेवढ्यानं त्यांचं भागलं नाही. त्यांनी 108 घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळ्याचं शुद्धीकरण केलं. एका विधीला दुसरा विधी. तळ्यावरून उभा राहिलेला खटला दहा वर्षं चालला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 साली लागला. विधी म्हणजे निरुपद्रवी शोभा असं ज्यांना वाटतं त्यांनी या घागरींचा विचार करावा. ज्या कृतीला काही अर्थ नाही ती पुसायला कुणी 108 घागरी भरत नाही.

विधीची ही ताकद आपल्याकडच्या मोठ्या सुधारकांनी ओळखली होती, म्हणून त्यांनी विधीची जागा रिकामी ठेवली नाही. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाजाच्या स्थापनेनंतर काही महिन्यांतच, 1873 च्या डिसेंबरात, भटजीशिवाय लग्न लावून दाखवलं. ते नुसतं ‘भटजी नको’ म्हणून थांबले असते तर लग्नाला आलेले पाहुणे अवघडून बसले असते. त्यांनी नवी मंगलाष्टकं रचली आणि त्यांत वधूला बोलतं केलं, ती वराकडून स्त्रियांच्या हक्कांविषयी वचन मागते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा गण टाकला नाही, त्यातल्या गणपतीचा अर्थ लोकांचा नायक असा लावून दिला. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जे उभं केलं तो तर संपूर्ण नव्यानं रचलेला विधी होता. दिवस विजयादशमीचा, वेश पांढरा, भिक्खू चंद्रमणींकडून स्वतः त्रिशरण-पंचशील घेणं, मग जमलेल्या लाखोंना ते स्वतः देणं, आणि 22 प्रतिज्ञा. त्यांतल्या अनेक प्रतिज्ञा ‘मी अमुक मानणार नाही, अमुक करणार नाही’ अशा आहेत. सोडून द्यायच्या गोष्टीही मोठ्यानं, उभं राहून, सर्वांबरोबर म्हणायच्या. आज दीक्षाभूमीवर दरवर्षी जमणारी गर्दी पाहिली की हा विधी किती खोल रुजला हे कळतं. बुद्धिवादी म्हणवणाऱ्यांनी विधींचा उपहास करण्याआधी आपल्याकडच्या सर्वांत कठोर बुद्धिवाद्यानं ऐन वेळी काय केलं ते पाहायला हवं.

आता परत सभागृहात यायला हरकत नाही. व्यासपीठावरची समई, तिच्याभोवती गोळा झालेले सात पाहुणे, एकाच मेणबत्तीची हातोहात फिरवाफिरव, वरून पंखा चालू, वात विझते, सूत्रसंचालक एक शेर ऐकवून वेळ मारून नेतो. यात ज्ञानाच्या प्रकाशाचं पुढे काय होतं ते विचारू नये. पण मानाची वाटणी इथेही चोख होते. पहिली वात कुणाची, प्रायोजकाला कितवी, स्थानिक नगरसेवक आले तर क्रम कसा बदलायचा, यावर आदल्या रात्री खल झालेला असतो. अलीकडे काही ठिकाणी समईऐवजी रोपाला पाणी घालतात, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देतात. बदल चांगला आहे, निदान पुस्तकं खपतात. रांग मात्र तीच असते. झारी धरायला सात हात पुढे येतात. राज्यगीताचंही पाहा. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला तो दर्जा मिळाला 19 फेब्रुवारी 2023 पासून, आणि आज सरकारी कार्यक्रमांत ते असं रुळलं आहे की लहान मुलांना ते कायमचंच वाटत असेल. नवा विधी रुजायला शतकं लागत नाहीत.

या व्यासपीठावर मला जे खटकतं ते खर्च किंवा वेळ नाही. विघ्नाला इथे पाट नाही. सगळे मान घेणारे, सगळे एकमेकांविषयी बरं बोलणारे. समाजआरतीतल्या त्या वाजत्या टाळांना, संकासुराच्या मालवणीला इथे जागाच ठेवलेली नसते, म्हणून मग विघ्न बाहेरून येतं: घोषणा देत, निषेधाचे फलक घेऊन, किंवा नुसतंच सभागृह रिकामं करून. साहित्य संमेलनांचा इतिहास याची साक्ष देईल. नाटकवाले या बाबतीत जरा शहाणे. शंभराव्या-पाचशेव्या प्रयोगाला ते पडदा ओढणाऱ्याला, कपडेपटवाल्याला, रंगभूषाकाराला पुढे बोलावतात. ज्याच्या हातात प्रयोग थांबवण्याची खरी ताकद आहे त्याचा मान राखायचा, हे त्यांना भरतापासून ठाऊक असावं.

परदेशातल्या मराठी मंडळांवरचा लेख मुद्दाम शेवटी ठेवला आहे. अमेरिकेत सार्वजनिक गणपती बहुधा तिथीला बसत नाही, जवळच्या शनिवार-रविवारी बसतो. तिथी हलली, मोदक, आरती आणि ढोल-ताशा हलले नाहीत. मॉरिशसमध्ये गेल्या दीड-दोनशे वर्षांत तिथल्या मराठी लोकांच्या बोलण्यातून मराठी पुष्कळ ओसरली, पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि त्या दिवशी झाकरी नाचतात. ती कोकणातली जाखडी. घर सोडताना माणूस विधीतलं काय सोबत नेतो आणि काय मागे ठेवतो, ते पाहिलं की मानाच्या वाटणीत कोणता भाग कणा होता आणि कोणता झालर, हे तिथे बसून जास्त स्पष्ट दिसतं.

लग्न, मुंज, श्राद्ध हे घरचे विधी या पुस्तकात नाहीत. त्यांचं शास्त्र वेगळं आहे, आणि आज ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवून त्यात जे बदल घडवले त्यांना स्वतंत्र पुस्तक हवं. परिशिष्टात निरनिराळ्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका छापल्या आहेत. त्या चाळताना कार्यक्रम कशाचा आहे हे आधी वाचू नये. नावं कुठल्या क्रमानं आली आहेत, कुणाची ठळक टायपात आहेत आणि ‘विशेष सहकार्य’ या मथळ्याखाली बारीक अक्षरांत कुणाला कोंबलं आहे, ते आधी पाहावं.